उभी गाडी, उतरलेली बॅटरी आणि शिवनसमुद्र

शनिवारची सकाळ होती. विद्यारण्यपुरातल्या आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत बाबा चढले, सीट पुढे सरकवली आणि किल्ली फिरवली. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. तिसऱ्या वेळी तेवढाही आवाज आला नाही.

गंमत म्हणजे गाडीच्या आतला पंखा मस्त फिरत होता. ओट्यावरचा छोटा दिवाही लागत होता. आई खिडकीतून डोकावून म्हणाली, “अहो, पंखा चालतोय म्हणजे बॅटरी चांगली आहे की!” बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता म्हैसूरहून एक जण ही गाडी बघायला येणार होता, आवडली तर विकत घ्यायला. आणि गाडी तर सुरूच होत नव्हती.

ही आमची कॅम्पर व्हॅन. खरं तर जुनी फोर्स ट्रॅव्हलर. बाबांनी २०१९ मध्ये ती घेतली आणि आतून बदलून घेतली. दोन पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, छतावर सौर पॅनेल. बीईएलमधून निवृत्त झाल्यावर आईला घेऊन देश बघायचा, हा त्यांचा बेत होता. पहिल्या हिवाळ्यात हंपी झालं, मग आमचं मूळ गाव बेळगाव झालं. त्यानंतर २०२० चा लॉकडाऊन आला. तो संपला, तर बाबांची बायपास झाली. तेव्हापासून गाडी घरासमोरच्या झाडाखाली उभी. दर रविवारी बाबा तिच्यावरची पानं आणि कबुतरांची घाण पुसायचे. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलं की कोणी ना कोणी विचारायचंच, “काय, गाडी कुठवर पोहोचली?” बाबा हसून म्हणायचे, “जाऊ की, जाऊ.”

शेवटी आई आणि मी मिळून त्यांना गाडी विकायला राजी केलं होतं. ते फार लवकर ‘बरं’ म्हणाले, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पंखा चालतो, पण गाडी का नाही?

तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा कधी भाड्याने घ्यायची असेल, तर एक गोष्ट आधी समजून घ्या. कॅम्पर व्हॅनमध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. दुसरी घरातल्या कामांसाठी, म्हणजे दिवे, पंखा, छोटा फ्रिज आणि मोबाइल चार्जिंगसाठी. आमचं सौर पॅनेल दुसऱ्या बॅटरीला जोडलेलं होतं. त्यामुळे ती ऊन खाऊन टुणटुणीत होती आणि पहिली हळूहळू मरत होती.

दोघींचं काम वेगळं असतं. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटरला काही सेकंद प्रचंड वीज लागते, कधी दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त. इंजिनची बॅटरी असा एकच मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते. पंख्याला वीज लागते थोडीच, पण ती तासन् तास लागते. घरच्या बॅटरीची बांधणी त्यासाठी असते. म्हणून आतला दिवा लागला, यावरून इंजिनच्या बॅटरीची तब्येत कळत नाही.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बॅटरी आणि गाडी यांचा काही संबंधच नव्हता. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. ती इंजिन सुरू करायच्या कामाला लागली ती १९१२ मध्ये, कॅडिलॅक मोटारींत विजेवरचा स्टार्टर आला तेव्हा. त्याआधी समोरून हँडल मारावं लागे. बाबांनी बेळगावात काकांच्या अँबॅसडरला लहानपणी हँडल मारलेलं आहे. “तेव्हा बॅटरी उतरली तरी माणूस होता की,” असं ते त्या सकाळी पुटपुटले.

अण्णा आले

बेंगळुरूत मेकॅनिकला, रिक्षावाल्याला, इस्त्रीवाल्याला, सगळ्यांना अण्णाच म्हणतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले अण्णा स्कूटरवरून आले. त्यांनी मल्टीमीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या आणि आकडा आम्हाला दाखवला: १०.९.

“बॅटरी डौन आगिदे,” अण्णा म्हणाले. ते समजायला कन्नड यायची गरज नव्हती.

बारा व्होल्टची चांगली, पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास आली की ती निम्मी रिकामी झाली असं समजायचं. बाराच्या खाली गेली की जवळजवळ संपलीच. म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीत अकरा व्होल्ट उरले, तर ‘थोडेसेच कमी आहेत’ असं अजिबात नसतं. आणि अशी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक थर बसतात. मग ती कितीही चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही.

बाबांना हे पटेना. “मी दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवत होतो!”

अण्णांनी मान हलवली. घरोघरी हेच होतं म्हणे. उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटं चालवलं, तर सुरू करताना गेलेली वीज भरून निघते आणि वर थोडीफार शिल्लक पडते. आठवडाभर झिरपलेली वीज त्यातून भरत नाही. त्यासाठी गाडी रस्त्यावर तासभर तरी पळवावी लागते.

पण वीज झिरपत होती कुठे? गाडी तर बंद होती.

अण्णांनी बॅटरीची मायनसची वायर सोडवून मीटर मध्ये जोडला. किल्ली काढलेली, दारं बंद, सगळे दिवे बंद. तरी मीटर ०.०६ अँपिअर दाखवत होता. मग त्यांनी एकेक फ्यूज काढून बघितला. एका फ्यूजवर आकडा झर्रकन ०.०२ वर आला. त्या वायरचा माग काढत त्यांनी डॅशबोर्डच्या खालून काड्यापेटीएवढी एक काळी डबी बाहेर काढली.

ती मी बसवलेली होती.

जूनमध्ये बाबांच्या वाढदिवसाला मी तो जीपीएस ट्रॅकर आणला होता. आमच्या भागात उभ्या गाड्यांची चाकं चोरीला गेली होती, म्हणून गाडीवर लक्ष राहावं असं सांगितलं होतं. अर्धं कारण तेवढं होतं. उरलेलं अर्धं असं, की मी ऑफिसात असताना बाबा एकटेच गाडी काढून निघाले तर मला कळावं. तीन महिने माझ्या फोनवरचा निळा ठिपका एकाच जागी होता आणि मी निश्चिंत होते.

हिशेब सोपा आहे. ०.०६ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दीड अँपिअर-तास, आठवड्याला दहा. आमची बॅटरी ८० अँपिअर-तासांची. रविवारची पाच मिनिटं त्यातले एखाद-दोन परत देणार. आधी माझा मामेभाऊ महिन्या-दोन महिन्यांनी येऊन गाडी फिरवून आणायचा. तो मार्चमध्ये पुण्याला गेला. जून ते सप्टेंबर या काळात बॅटरी उतरणारच होती.

बाबांनी ती डबी हातात घेऊन बघितली. चाळीस वर्षांच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेल्या माणसाला ती कशासाठी असते हे सांगावं लागत नाही. ते एवढंच म्हणाले, “सर्किट छान आहे.” मला मान वर करवेना.

केबल लावायचा क्रम

शेजारच्या अंकलनी त्यांची डिझेल एसयूव्ही आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली, पण दोन्ही गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढी जागा ठेवून. अण्णांनी जम्पर केबल काढली. त्यांनी मला क्रम तोंडपाठ करायला लावला, तो तुम्हीही लक्षात ठेवा. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्याच हव्यात, आणि केबल लावताना दोन्ही गाड्या बंद.

१. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटचं टोक बॅटरीपासून लांब का? तर ते जोडताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो, तो पेट घेतो. म्हणूनच जवळ सिगारेट, उदबत्ती काही नको. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल, तर केबल लावायचीच नाही, सरळ बदलायची. काढताना क्रम उलटा.

अंकलनी त्यांचं इंजिन सुरू केलं. पाच-सात मिनिटं तसंच थांबलो. मग बाबांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली, खोकली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. समोरच्या घरातली दोन मुलं टाळ्या वाजवायला लागली.

अण्णांनी पुन्हा मीटर लावला: १४.१. म्हणजे इंजिनवरचा आल्टरनेटर वीज देत होता. “आता बंद करू नका,” ते म्हणाले. “कमीत कमी साठ-सत्तर किलोमीटर पळवा. ट्रॅफिकमध्ये नाही, मोकळ्या रस्त्यावर. बॅटरीत जीव असेल तर धरेल.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सप्टेंबरातली शनिवारची सकाळ, दहा वाजलेले, इंजिन सुरू.

“शिवनसमुद्र,” बाबा म्हणाले.

आई म्हणाली, “एवढं लांब? तुमची तब्येत...”

“तीन वर्षांमागेच डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली होती,” बाबा म्हणाले. “तुम्ही दोघींनी दिली नव्हती.”

ते रागावून बोलले नाहीत. म्हणूनच ते जास्त लागलं. आई आत गेली आणि दहा मिनिटांत थालीपिठं, दही आणि औषधांची पिशवी घेऊन आली.

कनकपुरा रस्त्यानं

तुमकूर रोडकडून नाइस रोडला लागलो आणि कनकपुरा रोडला उतरलो. बाबा चालवत होते, मी शेजारी. सुरुवातीला ते गिअर टाकताना दर वेळी माझ्याकडे बघायचे, मग बघायचे थांबले. शहराच्या इमारती मागे पडल्या. नारळ, नाचणीची शेतं, मोठमोठे खडक लागले. कनकपुऱ्यात रेशमाच्या कोषांनी भरलेली पोती वाहणारा एक टेम्पो आमच्यापुढे होता. आई मागच्या पलंगावर पाय पसरून बसली होती. “हंपीला जाताना मी इथेच बसले होते,” ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर सातनूरला चहाची टपरी दिसली. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि, मी काही म्हणायच्या आत, किल्ली फिरवून बंद केली.

“बाबा!”

“कधीतरी बंद करायलाच लागणार की. इथे माणसं आहेत धक्का मारायला. धबधब्यावर कोण आहे?”

तो चहा मला अजिबात लागला नाही. माझं सगळं लक्ष गाडीकडे. पंधरा मिनिटांनी बाबा चढले. दिवे बंद, पंखा बंद, क्लच पूर्ण दाबलेला. किल्ली फिरवली. पहिला ‘घुर्र’ जरा सुस्त होता, दुसऱ्याला इंजिन लागलं. टपरीवाल्यानं आमच्याकडे बघून उगाचच हात हलवला.

सातनूरच्या पुढे त्यांनी स्टिअरिंग माझ्याकडे दिलं. एवढी मोठी गाडी मी कधी चालवली नव्हती. ते शेजारी बसले, पण एकदाही ‘हळू’ म्हणाले नाहीत. मी त्यांना गेल्या तीन वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, याचा विचार करत मी मळवळ्ळीपर्यंत चालवली.

जिथून बेंगळुरूला वीज आली

शिवनसमुद्रला कावेरी दोन फाट्यांत विभागते आणि दोन धबधबे होतात, गगनचुक्की आणि भरचुक्की. आम्ही गगनचुक्कीच्या बाजूला गेलो. पावसाळ्याच्या शेवटी नदीला भरपूर पाणी असतं. समोर खडकांवरून पांढऱ्या पाण्याचे लोट दरीत कोसळत होते आणि तुषार आमच्यापर्यंत येत होते.

बाबांना मात्र धबधब्यापेक्षा वीजकेंद्राबद्दल बोलायचं होतं. म्हैसूर संस्थानानं, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकारानं, इथे जलविद्युत केंद्र उभारलं. १९०२ मध्ये वीज सुरू झाली आणि सुमारे १४७ किलोमीटर लांब, कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. त्या काळी एवढ्या लांब वीज नेणं हे जगभर नवल होतं. मग ५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळुरूत, आजच्या के. आर. मार्केटच्या भागात, रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. शेषाद्री अय्यर मात्र १९०१ मध्येच गेले. दिवे बघायला ते राहिले नाहीत.

“पण इथेही एक अडचण होती,” बाबा म्हणाले. “उन्हाळ्यात नदी आटायची आणि वीज कमी पडायची. नदी म्हणजे बॅटरी नव्हे, पाणी धरून ठेवणार कुठे? वरच्या बाजूला कृष्णराजसागर धरण बांधलं, त्याचं हे एक मोठं कारण.” ते धरण १९११ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला वीस वर्षं लागली. साठवलेलं पाणी खाली सोडत राहायचं, तेव्हा इथली चक्रं वर्षभर फिरणार.

थालीपीठ खाताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला गाडी विकायची नव्हती, तर बोलला का नाहीत?”

ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. “तुम्हा दोघींना माझी भीती वाटते. घरात रोज ती भीती बघण्यापेक्षा गाडी गेलेली बरी, असं वाटलं.”

आईनं त्यांच्या ताटलीत आणखी दही वाढलं. “दर महिन्याला एकदा जायचं,” ती म्हणाली. “लांब नको. पण जायचं.” मग माझ्याकडे वळून, “आणि ती डबी काढून टाक.”

रविवारी काय झालं

रात्री नऊला घरी पोहोचलो. सकाळी मीटर लावला तर १२.३. गाडी सुरू झाली, पण बॅटरीचे दिवस भरले होते. अण्णांनी भार देऊन तपासली, ती टिकेना. रिकामी राहिली त्या आठवड्यांनी तिचं काम केलं होतं.

म्हैसूरचा माणूस अकराला आला. बाबांनी त्याला चहा दिला, बॅटरीबद्दल सगळं खरं सांगितलं आणि “आता विकायचा विचार नाही, तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा,” म्हणाले. तो भला माणूस होता. आतला ओटा कसा बसवलाय, ते बघून गेला.

सोमवारी मी सुट्टी काढली आणि बाबांबरोबर जे. सी. रोडला गेले. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंतचा हा रस्ता म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ. नवी बॅटरी घेताना जुनी परत दिली. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरता येतं, आणि किमतीतही सूट मिळते. जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात मात्र कधी टाकू नका. शिसं आणि आम्ल दोन्ही विषारी.

अण्णांनी नव्या बॅटरीच्या मायनसला एक कट-ऑफ स्विच बसवून दिला. तुमची गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, तर हे एवढं करा:

• पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल, तर कट-ऑफ स्विच बंद करा किंवा मायनसची वायर काढून ठेवा.
• महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. १२.४ च्या खाली गेलं, तर चार्ज करा.
• जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवण्यापेक्षा महिन्यातून एक-दोनदा तासभर फिरवा.
• ट्रॅकर, कॅमेरा, अलार्म असं नवं काही बसवलं, तर ते बंद गाडीत किती वीज खातं ते मोजून घ्या.
• सौर पॅनेल असेल, तर ते कोणत्या बॅटरीला जोडलंय ते विचारा. दोन्हींना चार्ज करणारं साधन मिळतं.
• जम्पर केबल गाडीतच ठेवा, आणि एकदा तरी शेजाऱ्यांकडून लावून घेऊन शिका.

आता महिन्याचा दुसरा शनिवार गाडीचा. ऑक्टोबरात नंदी, नोव्हेंबरात श्रीरंगपट्टण. गेल्या महिन्यात मला ऑफिसचं काम होतं, म्हणून ते दोघंच गेले. ट्रॅकर माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. दुपारी दोनला बाबांचा मेसेज आला. एका टपरीसमोर उभ्या गाडीचा फोटो होता, दारात आई, हातात कणीस. खाली लिहिलं होतं: “बंद करून सुरू केली. पहिल्या फटक्यात.”